आयनिक लिक्विडमध्ये (खोलीच्या तापमानालाही द्रव राहणाऱ्या मिठात) सगळे आयनच, म्हणजे विद्युतभारित कणच असतात, मग दोन पृष्ठभागांमधलं विद्युत बल लांबपर्यंत कसं जाणवतं? (एम.एस्सी. सेमिनारसाठी)

तुमची शंका रास्त आहे. आयन जितके जास्त, तितका पृष्ठभागावरचा भार लवकर झाकला जातो. मग नुसत्या आयनांच्याच द्रवात बल उरायलाच नको.

मी सांगलीत बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते. यातला पहिला भाग पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्यावरच दाखवते. गढूळ पाणी दोन ग्लासांत घ्यायचं आणि एकात चमचाभर मीठ ढवळायचं. बिनमिठाचा ग्लास बराच वेळ तसाच गढूळ राहतो. मिठाच्या ग्लासात आधी बारीक पुंजके दिसू लागतात, मग वरचं पाणी नितळतं आणि गाळ तळाला बसतो. मातीच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. सोडियम आयनांनी तो भार झाकला की कण चिकटतात.

हा भार किती अंतरात झाकला जातो, याचं गणित डेबाय आणि ह्युकेल या शास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये मांडलं. ०.००१ मोलर मिठाच्या पाण्यात ते अंतर सुमारे १० नॅनोमीटर, ०.१ मोलरला १ नॅनोमीटर. आयनिक लिक्विडला तेच सूत्र लावलं तर ०.१ नॅनोमीटरहूनही कमी येतं, म्हणजे खुद्द आयनापेक्षा लहान! सूत्र आयनांना बिंदू मानतं. इथे तर ते एकमेकांना खेटून बसलेले असतात.

प्रत्यक्ष मोजणी अभ्रकावर होते. काही मायक्रोमीटर जाडीचे पापुद्रे, मागच्या बाजूला चांदीचा मुलामा, वक्र काचांवर चिकटवून समोरासमोर काटकोनात ठेवतात. पांढऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या पट्ट्यांवरून मधलं अंतर ०.१ नॅनोमीटरपर्यंत कळतं. पृष्ठभाग जवळ आणत गेलं की बल वाढतं, मग आयनांचा एक थर निसटतो, बल उतरतं, पुन्हा वाढतं. ऋणभारित अभ्रकाला लागून धन आयन, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्तच, त्यावर ऋण आयन, असे हे थर असतात. इथपर्यंत वाद नाही.

वाद आहे तो थरांच्या पलीकडच्या बलाचा. काही नॅनोमीटर लांब पोहोचणारं असं बल २०१३ मध्ये याच पद्धतीने नोंदवलं गेलं. २०१६ मध्ये आणखी एका गटाने दाखवलं की मिठाच्या तीव्र द्रावणातही एका मर्यादेनंतर झाकण्याचं अंतर उलट वाढत जातं. २०१३ च्या गटाचं स्पष्टीकरण असं, की बहुतेक आयन जोड्यांत अडकलेले असतात, मोकळे अगदी थोडे. मला ते पटत नाही, कारण तसं असतं तर या द्रवांची विद्युतवाहकता मोजली जाते त्यापेक्षा खूपच कमी असती. शिवाय मोठ्या सिम्युलेशनमध्ये इतकं लांबचं बल मिळालेलं नाही, आणि सिलिकावर एएफएमने (बारीक टोकाने बल मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) मोजल्यावर तीव्र मीठद्रावणांतही ते दिसलं नाही.

म्हणून सेमिनारमध्ये थरांबद्दल ठामपणे बोला. लांबच्या बलाबद्दल सांगताना ते कोणत्या पृष्ठभागावर मोजलं हे आवर्जून सांगा. आलेखात बलाचा अक्ष लॉग घ्या, म्हणजे ते बल सरळ रेषेत येईल आणि झाकण्याचं अंतर तिच्या उतारावरून काढता येईल.