घरी लिफ्ट नाही, पिट नाही. जुन्या फोर बाय फोरची कामं जुगाडावर करता येतात का?

करता येतात. गेली कित्येक वर्षं मी तेच करतोय. तुमच्या प्रश्नावरून कळतंय ते असं: गाडी जुनी आहे, दोन्ही ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे आडवे दांडे) सरळ आणि पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, बसलेले, मागच्या पाट्यांचे बुश (टोकांतल्या रबरी नळ्या) गेलेत, प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे वाकता सांधा, वाजतोय, आणि तुमच्याकडे एक बॉटल जॅक, पान्यांचा संच आणि गाडी उभी करण्यापुरती जागा आहे. एवढ्यावर ही दोन्ही कामं होतात. फक्त एक गोष्ट आधी ठरवून घ्या. जुगाड हत्याराचा करायचा, आधाराचा कधीच नाही. बुश ओढायला नट-बोल्ट आणि पाइपचा तुकडा वापरलात आणि तो वाकला, तर फार तर एक दुपार जाईल. गाडी ज्यावर टेकली आहे ते सरकलं तर परत विचार करायला तुम्ही असाल याची खात्री नाही. म्हणून गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची एक जोडी विकत घ्याच, बाकी सगळं घरात जे आहे त्यातून उभं करता येईल.

आधी उचलण्याबद्दल सांगतो, कारण उंच गाडीची खरी अडचण तिथेच असते. खरं तर निम्म्या कामांना अशी गाडी उचलावीच लागत नाही. चाकं जमिनीवर असतानाच खाली सरपटत जाता येतं. ऑइल बदलणं, क्रॉस काढणं, ग्रीस भरणं हे सगळं मी चाकांवर उभ्या गाडीखालीच करतो, आणि त्यापेक्षा सुरक्षित स्टँड कुठलाच नाही. पण चाक काढायचं असेल तेव्हा नवीन माणूस चेसीला जॅक लावतो. जॅक वर जातो, बॉडी वर जाते, आणि ॲक्सल आपला खाली लोंबत राहतो. पाट्यांचा सगळा खेळ संपेपर्यंत चाक जमिनीवरून सुटत नाही, आणि तोवर जॅक संपलेला असतो. मग जॅकच्या डोक्यावर लाकडाचा गुटका ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. जॅकच्या टोकावरचा गुटका बाजूला निसटतो. उंची हवीच असेल तर रुंद, जाड फळी जॅकच्या खाली घाला. आणि चाकासाठी उचलताय तर चेसीला नाही, थेट ॲक्सलच्या हौसिंगला, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाला, जॅक लावा. चाक लगेच सुटतं.

स्टँडखाली जमीन कशी आहे तेही बघा. उन्हात तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, आणि मातीत तर रुततातच. प्लायवूडचा जाड चौकोन किंवा लोखंडी प्लेट खाली असू द्या. सिमेंटचे पोकळ ब्लॉक मात्र नकोत, ते भिंतीसाठी ठीक आहेत. गाडीचं वजन एका अरुंद टोकातून त्यांच्यावर आलं की ते काही न सांगता एका क्षणात फुटतात. लाकडाचं तसं नाही. लाकूड आधी दबतं, कुरकुरतं, तुम्हाला बाहेर यायला वेळ देतं. अपघातात अडकलेल्या माणसांना काढणारी पथकं गाडीखाली लाकडी ठोकळेच रचतात, त्याचं कारण हेच. स्टँड कमी पडला तर मीही तसंच रचतो: एका थरात दोन ठोकळे, वरच्या थरात आडवे दोन, टोकं थोडी बाहेर काढलेली, आणि रचलेल्याची उंची पायाच्या रुंदीपेक्षा जास्त नाही. काढलेलं चाक कडेच्या चेसीखाली आडवं सरकवून ठेवतो. मग गाडीला खांदा लावून जोरात हलवतो. हलवल्यावर पडायची असेल तर आत्ताच पडू दे, मी बाहेर उभा असताना.

आता एक असं सांगतो जे मला कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच जुन्या ऑफ रोड गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या डब्याच्या) मागे, शाफ्टवर असतो. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप तशी होती, जुनी लँड रोव्हर डिफेंडर तर २०१६ मध्ये बंद होईपर्यंत तशीच होती. हँडब्रेक ओढला की शाफ्ट घट्ट धरला जातो, आणि दोन्ही चाकं जमिनीवर असतात तोवर गाडी उभी राहते. पण मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी ॲक्सलमधली गिअरची जुळणी, त्याचं काम करतो. हवेतलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि शाफ्ट न हलताच गाडी चालायला लागते. माझ्याबाबतीत ती एक वीत पुढे गेली आणि जॅकवरून उतरली. मी तेव्हा पाना घ्यायला उठलो होतो. ती एक वीत मला अजून आठवते. तेव्हापासून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून ठोकळे लावल्याशिवाय मी जॅकला हात लावत नाही. आणि ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलला असेल तर गाडी गिअरमध्ये टाकून ठेवण्याला काही अर्थ नाही, हेही लक्षात असू द्या.

उंच दांड्याचा हाय लिफ्ट जॅक असेल तर तो चिखलात रुतलेली गाडी काढायला ठेवा. त्याचा पाय अरुंद असतो, गाडी त्यावर झुलते, आणि उतरवताना दांडा हातातून सुटला तर जबड्यावर येतो. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.

बुशचं काम आता सविस्तर सांगतो, कारण जुगाडाची खरी मजा तिथे आहे. चेसी स्टँडवर घ्या, ॲक्सल वेगळ्या जॅकवर. दोन्हींना वेगळा आधार हवा, म्हणजे ॲक्सल थोडा वरखाली करून पाट्यावरचा ताण काढता येतो. शॅकलची (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीची) पिन हाताने हलायला लागली की ताण गेला असं समजा. जोवर ती अडकून बसली आहे तोवर हातोडा मारू नका, जॅक दोन बोटं वर किंवा खाली करा.

पाट्याच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या गोल वळीतला, जुना बुश सहज निघत नाही. प्रेस लागतो असं सगळे म्हणतात. मी प्रेसऐवजी पूर्ण लांबीवर आटे असलेला जाड रॉड, दोन नट, एक गोटी (सॉकेट पान्याची) आणि पाइपचा तुकडा वापरतो. एका बाजूला बुशच्या बाहेरच्या कवचापेक्षा किंचित लहान गोटी, ती ढकलते. दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल एवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा, तो डोळ्याच्या कडेवर टेकतो. दोन्हीमधून रॉड, टोकांना जाड वॉशर आणि नट. आट्यांना भरपूर ग्रीस लावा, नाहीतर नटच जाम होईल. एका नटाला पाना अडकवून दुसरा फिरवत जा. सुरुवातीला काहीच होत नाही, रॉड नुसता ताणला जातो. मग एकदम ठक् असा आवाज येतो. तो ऐकला की समजायचं, गंजाची पकड सुटली. तिथून पुढे बुश पाइपमध्ये येताना डोळ्यांनी दिसतो. तरीही नाही हलला तर आतलं रबर ड्रिलने पोखरून काढा, कवचात हॅकसॉचं पातं घालून एक चीर द्या आणि छिन्नीने ते आत दुमडा. पातं पाट्याच्या डोळ्याला लागू देऊ नका, तिथे पडलेली रेघ उद्या चिरेचं मूळ होते.

नवीन बुश त्याच रॉडने आत जातो. आधी काही तास फ्रीजरमध्ये ठेवला तर कमी जोर लागतो. रबराला ग्रीस लावू नका, खनिज तेलाने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. आणि शेवटची गोष्ट, जी गॅरेजमध्येही खूपदा चुकते: बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के करायचे नाहीत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळवटतं. लोंबत्या पाट्यावर बोल्ट आवळलात तर गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. हलके लावा, चाकं बसवा, गाडी खाली घ्या, दोन-चार वेळा दाबून सोडा, मग आवळा.

किती आवळायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. टॉर्क पाना नसेल तर सामान तोलायचा हूकवाला काटा घ्या. नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर पान्याच्या दांड्याला तो अडकवा आणि दांड्याशी काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो आले की नटावर साधारण १०० न्यूटन मीटर लागले. पाइप चढवून दांडा १ मीटर केला तर तेवढ्यासाठी १० किलोच पुरतात. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि एवढा हिशोब करा. ओढ सावकाश द्या, हिसका दिलात तर काटा खोटं बोलतो.

क्रॉसचं काम त्यामानाने सोपं. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकतीवर) आणि सरकणाऱ्या जोडावर छिन्नीने किंवा रंगाने खुणा करा. जोड वेगळा झाला आणि परत एक दात इकडेतिकडे बसला तर दोन टोकांच्या योकची (क्रॉस धरणाऱ्या काट्यांची) जुळणी बिघडते आणि गाडी वेगात थरथरते. मग माणूस दोष चाकांमध्ये शोधत बसतो. सर्कलिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढून वाइसमध्ये एका बाजूला लहान गोटी, दुसऱ्या बाजूला मोठी गोटी ठेवून दाबलं की कप, म्हणजे क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची टोपी, बाहेर येतो. नवीन कपातल्या सुया (बारीक बेअरिंगच्या कांड्या) ग्रीसने भिंतीला चिकटवून ठेवा. बसवताना सर्कलिप खाचेत गेली नाही तर जोर लावू नका. बहुतेक वेळा एक सुई आडवी होऊन कपाच्या तळाशी पडलेली असते. कप परत काढा, सुई उभी करा, पुन्हा दाबा. मी एकदा तशीच ठोकून बसवली होती आणि नवा क्रॉस महिन्यात गेला.

शाफ्ट निघालाच आहे तर डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर करणारं छोटं भोक, बघून घ्या, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तापलेला हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं की बहुतेक हेच झालेलं असतं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा. ऑइल बदलताना आधी भरायचं बूच सैल करा, मगच तळाचं उघडा. उलट केलंत आणि वरचं बूच जाम निघालं, तर रिकामा डिफरन्शियल घेऊन बसावं लागतं.

गिअरबॉक्स घरी उतरवायची वेळ आली तर एक युक्ती नक्की वापरा: त्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, टोकाला हॅकसॉने खाच पाडा. ते इंजिनाच्या भोकांत हाताने फिरवून बसवले की गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ सरकतो आणि वजन क्लच प्लेटवर लटकत नाही. शेवटी स्क्रू ड्रायव्हरने काढून घ्यायचे.

काही कामं मी घरी करत नाही. स्टीअरिंगचा कुठलाही दांडा वेल्ड करत नाही, नवीनच घालतो. पेट्रोलच्या टाकीजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर नेत नाही, रिकाम्या टाकीजवळ तर मुळीच नाही, तिच्यात वाफ भरलेली असते. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर वेल्डिंग करत नाही. क्लोरीनवाला क्लीनर असेल तर त्यातून जीवघेणा वायू होतो. सुटे भाग पेट्रोलने नाही, डिझेलने धुतो.

आणि गाडीखाली जाताना घरात कुणाला तरी सांगून जा. हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर माणूस असावा.

बुश आणि शाफ्ट बसवून झाल्यावर यू बोल्टच्या (ॲक्सलला पाट्याशी आवळणाऱ्या U आकाराच्या बोल्टच्या) प्रत्येक नटावर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. ॲक्सल पाट्यापासून सोडवावा लागला असेल तर यू बोल्ट नवीनच घाला, जुने एकदा ताणले गेलेले असतात. पहिल्या खडबडीत फेरीनंतर खाली वाकून बघा. नव्या बोल्टांची बैठक जमते तशी पकड थोडी सैल होते, म्हणून रेघ जागेवर असली तरी काटा लावून एकदा ओढून घ्या. रेघ तुटलेली दिसली तर आवळून नवी रेघ काढा आणि पुढच्या फेरीनंतर पुन्हा बघा.