तीन बॅचेस आणि एकच एअरलॉक थांबलेला

प्रश्न : घरी बिअर करायची मला परवानगी आहे आणि हौसही. आजवर एक बॅच संपली की दुसरी लावायचो. या वेळी उत्साहाच्या भरात आठवडाभरात तीन लावल्या : गव्हाची, पेल एल (फिकी) आणि स्टाउट (गडद), प्रत्येकी वीस लिटर. पेल एलचा एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, झाकणावरची पाण्याची नळी) बुडबुडायचा थांबलाय, बाकी दोन चालू आहेत. थांबलेली लगेच बाटल्यांत भरू का? आणि तिचा तळाचा गाळ पुढच्या बॅचला चालेल का?

उत्तर : बुडबुड्यांवर जाऊ नका. झाकण जरा सैल असलं तर वायू कडेने निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. उलट आंबणं संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला वायू वर येतो नि तुम्हाला वाटतं, अजून काम चाललंय. हायड्रोमीटर काढा, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी नळी (पाण्याला १.००० दाखवते); साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली रीडिंग्ज तंतोतंत जुळली आणि आकडा अपेक्षेइतका खाली आला असेल, तरच भरा. १.०४८ ला सुरू झालेली बिअर १.०११ च्या आसपास स्थिरावली तर ठीक. अल्कोहोल साधारण ४.९ टक्के. १.०२० वर अडकली असेल तर डबा दोनेक अंश उबदार जागी हलवा, अलगद फिरवून तळाला बसलेलं यीस्ट (बिअर आंबवणारी बुरशी) वर आणा आणि थांबा. तशीच भरलीत तर बाटल्या फुटतील, आणि काच कुठवर उडते ते बघायची वेळ कुणावर येऊ नये. नमुन्याची बिअर डब्यात परत ओतू नका. प्या, चवही कळते.

तयार झाल्यावर आधी गव्हाची भरा, ती ताजीच चांगली. मग पेल एल, कारण हॉप्सचा (बिअरला वास नि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास रोज थोडा उडतो. स्टाउटला घाई नाही. खरी अडचण डब्यांची नाहीच, बाटल्यांची आहे. वीस लिटर म्हणजे ३३० मिलीच्या साठ. तिन्हींच्या मिळून एकशे ऐंशी बाटल्या धुणार कोण? पुढच्या वेळी दोन बॅचेसमध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

नाव, तारीख, यीस्ट आणि रीडिंग्ज चिकटपट्टीवर लिहून ती डब्याच्या अंगाला लावा. झाकणाला नको, धुताना झाकणं हमखास बदलतात. डबे एकमेकांना खेटून ठेवू नका. आंबताना आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी चढतं. आणि एका डब्यातून दुसऱ्याकडे जाताना नळी दर वेळी निर्जंतुक करा, नाहीतर एक आंबट झाली की तिन्ही गेल्या.

तळाचा गाळ चालेल, त्यात यीस्टच असतं. फक्त फिक्याकडून गडदकडे, हलक्याकडून जोरकसकडे जा : पेल एलचं यीस्ट नव्या स्टाउटला द्या. गव्हाच्या बिअरचं देऊ नका, त्यातला लवंग-केळ्याचा वास स्टाउटला शोभत नाही. गाळ ठेवायचा निर्जंतुक बरणीत, झाकण सैल ठेवून, फ्रिजमध्ये. आठवड्या-दोन आठवड्यांत वापरून टाका.

प्रश्न : बाटलीत भरताना फेसासाठी घालतात ती साखर तिन्हींना सारखीच घालायची का?

उत्तर : नाही. लिटरला सहा-सात ग्रॅम हा मधला आकडा; गव्हाच्या बिअरला थोडी जास्त, स्टाउटला कमी. चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा. भरल्यावर बाटल्या दोन आठवडे खोलीच्या तापमानातच राहू द्या. फ्रिजमध्ये आधीच गेल्या तर यीस्ट गारठतं आणि बिअर फेस धरत नाही.