म्हाताऱ्या कुत्र्यांवर पहिली डॉक्युमेंटरी: सुरुवात अशी कर

पुण्याबाहेरच्या निवाऱ्यातल्या म्हाताऱ्या कुत्र्यांवर पहिली डॉक्युमेंटरी करायचीय, सुरुवात कशी करू, असं विचारलंस. विषय फार चांगला निवडलास. त्या निवाऱ्यात पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊच नकोस. नुसता बसून राहा, कुत्र्यांना तुझी सवय होऊ दे. मग एवढं सांभाळ:

- कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेव. उभ्याने शूट केलंस तर नुसत्या पाठी दिसतील.
- झोपलेल्या कुत्र्याला मागून हात लावू नकोस. म्हातारपणी ऐकू कमी येतं, दचकून चावू शकतं. समोरून जा.
- पत्र्याच्या शेडमध्ये भुंकणं घुमतं आणि कुत्र्यांना सांभाळणाऱ्या मावशींचं बोलणं त्यात बुडून जातं. त्यांना कॉलर माइक लावच.
- ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चित्र लुकलुकतं.

नवखे हटकून एक चूक करतात: करुण संगीत, जखमांचे क्लोजअप. प्लीज, ते नको. सांधे आखडलेला कुत्रा सकाळी उठताना आधी पुढचे पाय रोवतो, थांबतो, दम घेतो, मग मागचा भाग कसाबसा उचलतो. तो शॉट अजिबात कापू नकोस.

ड्रोन, कलर ग्रेडिंग (शूटनंतर रंग जुळवणं) वगैरे नंतर बोलू. आधी सकाळच्या औषधांची वेळ विचारून घे आणि त्याच्या अर्धा तास आधी पोच.