डिजिटल रेडी टीव्ही घेताय? आधी मॅन्युअलचं शेवटचं पान बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, म्हणजे तुम्हाला नाही, स्वतःलाच. ॲनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचं, प्रक्षेपण बंद व्हायची तारीख जवळ आलीय, घरचा जुना टीव्ही अजून ठणठणीत आहे, दुकानात एक मोठा फ्लॅट टीव्ही आवडलाय, त्यावर 'डिजिटल रेडी' असा स्टिकर आहे आणि दुकानदार म्हणतोय बिनधास्त घ्या, तर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझंही डिट्टो असंच झालं होतं.

किती इंची घ्यावा, पॅनल कुठलं, एचडीएमआय किती हवेत हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात मी पडत नाही. मी बोलणार फक्त ट्यूनरबद्दल (टीव्हीच्या आतला, अँटेनातून आलेला सिग्नल पकडणारा भाग), कारण दुकानात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

माझा टीव्ही घरी आला, गच्चीवरच्या जुन्याच अँटेनाची वायर लावली, ऑटो स्कॅन केला आणि सगळे चॅनेल नावासकट यादीत आले. आईने बातम्या लावायला सांगितल्या. आवाज खणखणीत, पडदा काळा. दुसरा चॅनेल लावला, तेच. आईला वाटलं रेडिओच आणलाय.

इथे मी जो गाढवपणा केला तो नीट वाचा. मी अँटेनाच्या मागे लागलो. आधी नवी वायर, मग नवा अँटेना ('डिजिटल अँटेना' म्हणून विकतात तो, असलं काही वेगळं नसतं हो, ज्या बँडवर, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यात, प्रक्षेपण आहे त्या बँडचा जुना चांगला अँटेना तसाच चालतो), मग सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर. अँप्लिफायर लावल्यावर जे चॅनेल यादीत होते त्यातलेही दोन गायब झाले, कारण सिग्नल आधीच जोरदार होता आणि तो आणखी वाढवल्यावर ट्यूनर गुदमरला. हे मला नंतर कळलं. आणि हे सगळं मी मनाने नाही केलं बरं का. या बदलासाठी जी सरकारी मदत-लाईन सुरू केली होती त्यांनी करायला लावलं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि उत्तर ठरलेलं: सिग्नल कमी आहे, अँटेना तपासा, रीस्कॅन करा. मी म्हणतोय अहो सिग्नलची पट्टी ऐंशी टक्के दाखवतेय, तरी अँटेना तपासा. दोनदा तर मला न विचारता तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद करून टाकली. त्यांच्या पत्रकात काय छापलं होतं, तर 'डिजिटल टीव्ही घ्या'. बस. कुठला डिजिटल, ते लिहायला शाई संपली असावी. या नादात जवळजवळ चार महिने आणि टीव्हीच्या किमतीचा चांगला तुकडा गेला. जाऊ दे, आठवलं की अजून डोकं फिरतं.

शेवटी अँप्लिफायर काढायला आलेल्या मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, मॅन्युअल कुठाय. शेवटचं पान उघडलं, बोट ठेवलं: डीव्हीबी-टी (सिग्नल हवेतून पाठवायची एक पद्धत), एमपीईजी-२ (चित्र दाबून बसवायची जुनी पद्धत). म्हणाला, इथलं प्रक्षेपण एमपीईजी-४ मध्ये आहे, ह्या टीव्हीला चित्र उलगडताच येत नाही, आवाज जुन्या पद्धतीचा आहे म्हणून तेवढा ऐकू येतो. आणि खरंच, अँटेना खराब असता तर आवाज पण तुटला असता ना. डिजिटलमध्ये मुंग्यामुंग्या चित्र वगैरे भानगड नसते, सिग्नल कमी पडला की चौकोन चौकोन पडतात, आवाज अडखळतो आणि मग एकदम सगळंच जातं. स्वच्छ आवाज आणि काळा पडदा म्हणजे अँटेना नव्हेच. एवढी साधी गोष्ट चार महिने माझ्या टाळक्यात शिरली नाही.

तर मुद्दा असा की 'डिजिटल' ही एकच गोष्ट नाही. सिग्नल हवेतून कुठल्या पद्धतीने येतो हे एक, आणि त्यात चित्र कुठल्या पद्धतीने दाबून बसवलंय हे दुसरं. दोन्ही जुळायला हवं. पद्धती देशोदेशी वेगळ्या: युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत डीव्हीबी-टी किंवा त्याचीच पुढची आवृत्ती टी२, अमेरिकेत एटीएससी, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी, चीनमध्ये डीटीएमबी. एकाचा ट्यूनर दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे परदेशातून कोणी टीव्ही आणून देतो म्हणालं तर प्रेमाने नाही म्हणा. टी२ चा ट्यूनर सहसा जुनं टी पण पकडतो, पण उलट होत नाही. आणि टी२ लिहिलंय म्हणून पण हुरळून जाऊ नका. जर्मनीत मार्च २०१७ मध्ये टी२ नियमित सुरू झालं ते एचईव्हीसी मध्ये (चित्र दाबायची एमपीईजी-४ च्याही पुढची पद्धत), म्हणजे नुसता टी२ असून एचईव्हीसी नसलेला टीव्ही तिथे हे टी२ चे चॅनेल दाखवू शकत नव्हता. तुमच्याकडे काय आहे ते प्रक्षेपण करणाऱ्यांच्या अधिकृत माहितीत बघा, माझ्यावर किंवा दुकानदारावर विसंबू नका. मी इंजिनियर नाही, पोळलेला माणूस आहे.

स्टिकरचं पण ऐका. 'एचडी रेडी' हा लोगो युरोपात २००५ मध्ये आला, त्याचा अर्थ एवढाच की पडद्याला किमान ७२० ओळी आहेत आणि बाहेरून एचडी सिग्नल घ्यायची सोय आहे. ट्यूनर असलाच पाहिजे अशी अट त्यात नव्हतीच! 'डिजिटल रेडी' चं तर विचारूच नका, नक्की कशासाठी रेडी ते विचारा.

दुकानात टीव्हीवर जे झकास चित्र दिसतं ते बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवरून किंवा सेट-टॉप बॉक्समधून चालू असतं. मी त्यालाच भुललो. अँटेनाची वायर लावून, तिथेच स्कॅन करून, बातम्यांचा चॅनेल दाखवा म्हणायचं. टाळाटाळ केली तर समजून जा. आणि मॅन्युअल कंपनीच्या साईटवरून आधीच उतरवून घ्या, पण पूर्ण मॉडेल नंबर टाकून, कारण शेवटच्या एकदोन अक्षरांत ट्यूनर बदलू शकतो.

आता माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या. जुना टीव्ही चालतोय ना, मग आत्ता टीव्ही घेऊच नका, योग्य पद्धतीचा सेट-टॉप बॉक्स घ्या. मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं आहेत का तेवढं बघा. नुसतंच अँटेनाचं भोक असेल तर मॉड्युलेटर (बॉक्सचं चित्र अँटेनाच्या भोकातून जुन्या टीव्हीला देणारा भाग) असलेला बॉक्स लागेल आणि सगळ्या बॉक्समध्ये तो नसतो. पद्धत उद्या परत बदलली तर बॉक्स बदलायचा, टीव्ही नाही. तारखेचा बाऊ पण करू नका, अमेरिकेतच १७ फेब्रुवारी २००९ ठरली होती ती १२ जूनवर गेली. अर्थात सरकेलच असं धरून पण बसू नका.

हां, अजून एक, घरात व्हीसीआर किंवा डीव्हीडी रेकॉर्डर असेल तर त्याचा ट्यूनर वेगळा असतो, तो ॲनालॉग असेल तर त्यालाही चॅनेल मिळणार नाहीत. हे कोणी सांगत नाही. आणि ॲनालॉग बंद झाल्यावर वारंवारता हलवतात, तेव्हा चॅनेल गेले म्हणून घाबरू नका, रीस्कॅन करा. (हो, मदत-लाईनचं वाक्य एवढ्याच एका ठिकाणी खरं.) रिकाम्या झालेल्या वारंवारता मोबाईलवाल्यांना देतात, जवळ टॉवर असेल तर त्याने पण चित्र बिघडू शकतं, त्यासाठी वायरमध्ये लावायचा छोटा फिल्टर मिळतो, अँप्लिफायर नको.

माझ्या त्या टीव्हीला शेवटी बॉक्सच जोडला. चित्र छान येतं, फक्त रिमोट दोन झालेत आणि आई अजून चुकीचाच दाबते.

तुम्ही बघितलेल्या टीव्हीचा पूर्ण मॉडेल नंबर लिहा, शेवटच्या अक्षरांसकट. मॅन्युअल शोधून बघतो आणि सांगतो.