भांडी बडवणारे नव्हेत, चूल मांडणारे

प्रश्न : इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातील हॉनिटन या ग्रामीण मतदारसंघाचा इतिहास मराठीत आणतो आहे. तिथे 'पॉटवॉलपर' मतदार येतात. कोशात 'वॉलप' म्हणजे बडवणे असे दिले आहे, म्हणून 'भांडी बडवणारे मतदार' असे केले. चालेल का? आणि हॉनिटन हे 'रॉटन बरो', म्हणजे 'सडके खेडे', होते असे लिहू का?

उत्तर : दोन्ही नको. 'पॉटवॉलपर' म्हणजे स्वतःची चूल असल्यामुळे मताचा हक्क मिळालेला माणूस. हे 'भांडी बडवणारे' आता फार ठिकाणी दिसू लागले आहेत. कोशातला पहिला अर्थ उचलायचा आणि पुढे निघायचे, त्याचा हा परिणाम. 'पॉटवॉलपर' हा शब्द अठराव्या शतकातला, आणि 'वॉलप'ला बडवण्याचा अर्थ चिकटला तो त्यानंतर. मूळ रूप 'पॉटवॉलर'. यातल्या 'वॉल'चा भिंतीशीही संबंध नाही. जुन्या इंग्रजीतल्या उकळण्याच्या क्रियापदाचा तो अवशेष. ते क्रियापद बोलीतून गेले, शब्द अर्धवट कळेनासा झाला, तेव्हा लोकांनी कानाला जवळचा 'वॉलप' तिथे बसवला. गंमत अशी की त्या काळी 'वॉलप'चा एक अर्थ होता रटरट उकळणे. म्हणजे शब्द बदलला, पण भांडे चुलीवरच राहिले.

याच घराण्यातला इंग्रजी 'वेल', म्हणजे विहीर. आधी झरा, उसळून वर येणारे पाणी. आणखी मागे गेले की 'फिरणे, वळणे' या अर्थाचा धातू लागतो आणि संस्कृत 'वलति', 'वलय' आणि आपले 'वळणे' त्याच गोतावळ्यात बसतात असे माझे ठाम मत आहे. इथे काही व्युत्पत्तिकार नाक मुरडतात : वळण्याचा आणि उकळण्याचा संबंध काय, म्हणे. त्यांनी आधण आलेल्या पातेल्यात तांदूळ वैरून दोन मिनिटे बघत उभे राहावे. दाणा तळातून वर येतो, कडेने खाली जातो, पुन्हा वर. वळणे नाही तर काय आहे ते?

आता मराठी शब्द. 'गृहस्थ मतदार' हा सुचवला जाणारा पर्याय सरकारी परिपत्रकासारखा आहे आणि चूकही आहे, कारण प्रश्न घराचा नव्हताच. स्वतःची चूल आहे, तीवर स्वतःचे अन्न शिजते आणि गेल्या वर्षभरात धर्मादाय मदत घेतलेली नाही, एवढ्यावर मत मिळे. एका खोलीत भाड्याने राहणारा बसू शके. मालकाच्या पंक्तीला जेवणारा गडी बसत नसे. आपल्याकडे हा फरक भाषेतच आहे. गाव 'पन्नास उंबऱ्यांचे' असते, पण एका उंबऱ्याआड तीन चुली असतात. भाऊ वेगळे होतात तेव्हा 'वेगळी चूल मांडतात'. 'चूलबंद' आमंत्रण उंबऱ्याला नसते, चुलीला असते. म्हणून 'चूलकरी मतदार' म्हणा. (चूल फुंकणारीला मत नव्हते, हे ओघाने आलेच.)

हॉनिटनमध्ये या चुलींची संख्याच राजकारण ठरवी. मतदार गरीब आणि पुष्कळ, मतदान उघड : चारचौघांत नाव उच्चारायचे, कारकून वहीत टिपणार, उमेदवाराचा अडत्या ती वही पाहून पैसे चुकते करणार. गुप्त मतदान १८७२ चे. आरमारी अधिकारी टॉमस कॉक्रन तिथल्या पोटनिवडणुकीत लाच न देता उभा राहिला आणि पडला. मग त्याने दवंडी पिटवली : ज्यांनी मला मत दिले त्यांनी माझ्या अडत्याकडून दहा-दहा गिनी (सोन्याची नाणी) घेऊन जावे. १८०६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांनी आशेने त्याला निवडून दिले. या वेळी त्याने दमडी दिली नाही. आधीचे पैसे प्रामाणिकपणाचे बक्षीस होते, असे त्याचे म्हणणे.

यावरून 'रॉटन'चे उत्तर निघते. 'रॉटन बरो' म्हणजे वस्ती उठलेले, तरी खासदार पाठवणारे ठिकाण. ओल्ड सेरममध्ये रहिवासी नव्हते, पण १८३२ पर्यंत खासदार दोन. 'पॉकेट बरो' म्हणजे एका जमीनदाराच्या खिशातली जागा. हॉनिटन कोणाच्या खिशात मावणारे नव्हते. ते बाजार होते. आणि 'बरो' म्हणजे खेडे नव्हे, सनदी नगर. 'ओसाड नगर' लिहा. 'सडके' म्हटले की वाचकाला कांदे आठवतात.

तारखांत एक घोळ होतो : जुने नगर आणि नंतरचा ग्रामीण मतदारसंघ एकच समजले जातात. १८३२ च्या निवडणूक सुधारणा कायद्याने मताचा नवा निकष आणला, वर्षाला दहा पौंड मोलाचे घर किंवा दुकान. जुन्या चूलकऱ्यांचा हक्क त्यांच्या हयातीपुरता राहिला, तोही गावात किंवा सात मैलांच्या आत राहत असतील तर. १८६८ मध्ये हॉनिटनच्या संसदेतल्या दोन्ही जागा गेल्या. १८८५ मध्ये नाव परत आले ते आसपासच्या ग्रामीण भागाच्या एका जागेला. १९९७ ते २०२४ टिव्हर्टन-हॉनिटन; २०२२ च्या पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅटांनी कॉन्झर्व्हेटिव्हांचे २४,२३९ चे मताधिक्य उलटवले ते तिथे. त्या प्रकरणात हवा तेवढा बालेकिल्ला ढासळवा. चूल मात्र आधीच्या हॉनिटनचीच.