एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) वाढलाय तरी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) रेझिस्टन्स टेस्ट (व्हायरसवर कुठलं औषध चालेनासं झालंय ते बघणारी) का सांगत नाहीत, आणि मेडिक्लेममध्ये बसते का?

अमेरिकेतल्या गाइडलाइनमध्ये उपचार सुरू करतानाच जीनोटाइप टेस्ट (म्हणजे रेझिस्टन्स टेस्टच) सांगितलीय, आपल्याकडे नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) सरकारी प्रोग्राममध्ये तसं रुटीन नाही. इथे लोड १०००च्या वर गेला की आधी गोळ्या नीट घेताय का ते बघतात, काउन्सेलिंग करतात, साधारण ३ महिन्यांनी परत लोड, आणि तरी उतरला नाही तर केस वरच्या तज्ज्ञ समितीकडे. ह्यात वेळ जातो खरा, पण डोल्युटेग्राविर ह्या एचआयव्हीच्या औषधावर असाल तर बऱ्याचदा कारण चुकलेले डोसच निघतं, त्यामुळे मला तरी हे अगदी चूक वाटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, टेस्ट करायची म्हणून गोळ्या बंद करू नका!! औषध थांबलं की औषधाला न जुमानणारा, बदललेला व्हायरस मागे पडतो, मूळचा वाढतो आणि रिपोर्ट फसवा क्लीन येतो, आणि हे सगळ्याच फॅमिली डॉक्टरांना माहीत असतं असं नाही. लोड फार कमी असेल तरी टेस्टचा रिपोर्ट नीट येत नाही.

मेडिक्लेमचं म्हणाल तर अॅडमिट न होता केलेली टेस्ट बहुतेक पॉलिसीत बसत नाही, ओपीडी कव्हर असेल तर विचारा. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने इन्शुरन्समध्ये अन्यायकारक भेदभावाला बंदी आहे, पण म्हणून टेस्टचे पैसे मिळतील असं नाही.