वाचक विचारतात : ‘अबोली’ नाव ठेवावं का?

प्रश्न : मुलीचं नाव अबोली ठेवायचं म्हणतोय, पण आजी म्हणते, ‘अबोल’ म्हणजे मुकी, अशुभ! खरा अर्थ काय? (फोंडा)

उत्तर : आजींची शंका शब्दाला धरून आहे, ‘अबोल’ म्हणजे न बोलणारा. पण नाव म्हणून अबोली ऐकलं की मराठी-कोकणी माणसाला फूलच आठवतं. केशरी-गुलाबी, पाकळी कागदासारखी पातळ, वास अजिबात नाही. मात्र ती लवकर कोमेजत नाही, म्हणून गोव्यात अबोलीची फाती (गुंफलेली वेणी) देवीला आणि केसांत, दोन्हीकडे चालते. गंधच हवा तर जाई किंवा बकुळ बघा.

गोवा-महाराष्ट्रात नाव ओळखीचं आहे. कर्नाटक-तामिळनाडूत मात्र हेच फूल ‘कनकांबर’, तिथे अर्थ सांगावा लागेल.

घोळ होतो तो रोमन स्पेलिंगचा : शेवटी एक ‘आय’ की दोन ‘ई’? जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं आलं की शाळाप्रवेशात, पासपोर्टला अडतं. आधीच ठरवा. जन्माची नोंद 21 दिवसांत करा. नाव ठरलं नसेल तर नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं. तेवढ्यात आजीही वळतील.